उजनी पाणवठा, पक्षी इन्फ्लुएन्झा (बर्ड फ्लू) निगराणी: प्रकल्प नोंदी (ऑक्टोबर ते मार्च)

६ ऑक्टोबर

प्रकल्पाची चौकट आज नक्की झाली. उजनी जलाशयाची भिगवणकडची बाजू, म्हणजे कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी हा पट्टा. तिथल्या हिवाळी पाणपक्ष्यांची ताजी विष्ठा, काठच्या वस्त्यांवरच्या परसातल्या कोंबड्या-बदकांचे घशाचे व क्लोएकल (विष्ठाद्वाराचे) स्वॅब (बोळ्याने घेतलेले नमुने), आणि जिवंत कोंबड्यांच्या एका बाजारातले नमुने घ्यायचे. रानपक्षी पकडायचे नाहीत. पकडायचे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालची वेगळी परवानगी आणि जाळ्याचा सराव असलेली माणसे लागतात. विष्ठेलाही वनविभागाला कळवूनच हात लावायचा आहे.

या निवडीची मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. सौम्य प्रकारचे विषाणू बदकांच्या आतड्यात वाढतात, ते विष्ठेत सापडतात. सध्या जगभर फिरणारा २.३.४.४बी वंशगटाचा एच५ विषाणू (एच आणि एन ही विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिने, त्यांच्या क्रमांकांवरून उपप्रकार ओळखतात) मात्र घशातून जास्त बाहेर पडतो. केवळ विष्ठेवर विसंबलो तर नेमका तोच हुकण्याची शक्यता जास्त. म्हणून परसातल्या पक्ष्यांचा घशाचा स्वॅब चुकवायचा नाही.

पार्श्वभूमी सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकदा मांडून ठेवू. भारतातला पहिला एच५एन१ उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीचे मुरुंबा. डिसेंबर २०२४ अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले, निदान एच५एन१. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरचे कावळे.

आता मुद्द्याचे. उत्तरेकडच्या प्रजननस्थळांवर उन्हाळ्याच्या शेवटी नवी पिल्ले पहिल्यांदा विषाणूला सामोरी जातात, तेव्हा बदकांत विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते. आपल्याकडे पोहोचेपर्यंत ती लाट ओसरलेली असते. म्हणजे इथले बहुतेक नमुने निगेटिव्हच येणार, हे गृहीत धरूनच आखणी करायची. निगेटिव्ह नमुना ‘विषाणू नव्हता’ असे सांगतो, की ‘विषाणू होता पण वाटेत मेला’, की ‘स्वॅबवर काही आलेच नव्हते’, हे वेगळे करता आले नाही तर सहा महिन्यांच्या कामाला किंमत उरत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका प्रश्नाला धरून.

९ ऑक्टोबर

वाहतूक माध्यम, म्हणजे नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकवणारा द्रव, तयार केले. दोन प्रकार: घशाच्या स्वॅबसाठी साधे, विष्ठा आणि क्लोएकल स्वॅबसाठी पाचपट प्रतिजैविकांचे. पाया पीबीएस (फॉस्फेटयुक्त मिठाचे पाणी), त्यात ०.५ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन). साध्या माध्यमात दर मिलिलिटरला पेनिसिलिन २,००० युनिट, स्ट्रेप्टोमायसिन २ मिलिग्रॅम, जेन्टामायसिन ५० मायक्रोग्रॅम, निस्टॅटिन १,००० युनिट. विष्ठेच्या माध्यमात हेच आकडे १०,००० युनिट, १० मिलिग्रॅम, २५० मायक्रोग्रॅम, ५,००० युनिट.

५०० मिलिलिटर विष्ठा-माध्यमाचा हिशेब: पेनिसिलिन ५० लाख युनिट, म्हणजे १० लाखांच्या ५ कुप्या. स्ट्रेप्टोमायसिन ५ ग्रॅम, १ ग्रॅमच्या ५ कुप्या. जेन्टामायसिन १२५ मिलिग्रॅम, म्हणजे ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या इंजेक्शनचे ३.१ मिलिलिटर. निस्टॅटिन २५ लाख युनिट. निस्टॅटिन पाण्यात विरघळत नाही, बारीक कण तरंगत राहतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून घातले तर सगळे फिल्टरवरच अडकते. त्यामुळे बाकी सगळे गाळून झाल्यावर निर्जंतुक निस्टॅटिन शेवटी घातले आणि नळ्यांत भरेपर्यंत बाटली सतत हलती ठेवली. नाहीतर पहिल्या नळ्यांत कमी आणि तळाच्या नळ्यांत जास्त जाते.

प्रतिजैविके घातली की पीएच खाली ओढला जातो. तो परत ७.० ते ७.४ च्या दरम्यान आणल्याशिवाय नळ्या भरायच्या नाहीत. इन्फ्लुएन्झाचे हिमॅग्लुटिनिन (एच प्रथिन) आम्लात आपला आकार बदलते आणि एकदा बदलले की परत फिरत नाही. पीएच डोळ्यांनीही दिसावा म्हणून माध्यमात किंचित फिनॉल रेड घातले: लाल-गुलाबी ठीक, पिवळे म्हणजे गडबड.

नळ्या २ मिलिलिटर माध्यमाच्या, स्क्रूच्या झाकणाच्या, आत रबरी कडी असलेल्या. स्वॅब पॉलिएस्टरचे, प्लास्टिकच्या काडीचे. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचा बोळा दोन्ही पीसीआरला (जनुकांच्या प्रती वाढवून विषाणू शोधणाऱ्या चाचणीला) मारक, त्यामुळे खरेदीच्या यादीत तसे स्पष्ट लिहिले. प्रत्येक बॅचमधील एक नळी ३७ अंशांवर ४८ तास ठेवून गढूळ होते का ते पाहायचे.

२१ ऑक्टोबर

पाहणी. धरण भरलेले, पाणी थेट बाभळींच्या बुंध्यापर्यंत. चिखलाचा काठ जवळजवळ नाहीच. बदके आली आहेत, पण उघड्या पाण्यावर. त्यांची विष्ठा पाण्यातच जाते. जमिनीवरचे नमुने फक्त वर आलेल्या उंचवट्यांवर मिळतील, आणि तिथे वारकरी (काळे पाणपक्षी), पाणकावळे, बगळे यांची सरमिसळ. मच्छीमारांशी बोलणे झाले. थवा रात्री कुठे टेकतो आणि पहाटे कुठून उठतो हे त्यांच्याइतके कोणाला सांगता येत नाही. त्यांनी दाखवलेल्या दोन चिंचोळ्या भूशिरांवर नमुने घ्यायचे ठरले. पाणी उतरायला लागले की, जानेवारीनंतर, जागा वाढतील.

१२ नोव्हेंबर

पहिली नमुना फेरी. पहाटे उजाडायच्या आधी स्पॉटिंग स्कोप लावून भूशिरावर कोण किती आहे याची नोंद केली. थापट्या, भुवई बदक, तलवार बदक, थोडे चक्रवाक. थवा आपणहून उठेपर्यंत थांबायचे. हाकलून लावलेला पक्षी दमतो, शिवाय थवा गोंधळून उठला की कोणाची विष्ठा कुठली हे कळत नाही. थवा उठल्यावर १५ मिनिटांच्या आत जागेवर.

ताज्या विष्ठेची खूण: पृष्ठभाग ओला, चकाकणारा, कडा अजून न सुकलेल्या. तिच्यात दोन भाग दिसतात. हिरवट-काळसर भाग आतड्यातला, आपल्याला तो हवा. वरची पांढरी टोपी म्हणजे युरिक ॲसिड, ती टाळायची. स्वॅब हिरवट भागात दोनदा फिरवून मसुराच्या डाळीएवढाच अंश घ्यायचा. जास्त घेतले म्हणजे जास्त विषाणू मिळतो असे नाही, पीसीआर अडवणारे पदार्थ मात्र नक्की जास्त येतात. माध्यमात बोळा बुडवून काडी नळीच्या कडेवर मोडायची, झाकण घट्ट लावायचे. दोन नमुन्यांत किमान एक मीटर अंतर, म्हणजे एकाच पक्ष्याचे दोन नमुने होण्याची शक्यता घटते. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो.

नळीवर नाव साध्या मार्करने लिहायचे नाही. परत येताना नळ्या ७० टक्के अल्कोहोलने पुसाव्या लागतात आणि शाई निघून जाते. छापील क्रायो-लेबल लावले, दुसरी नोंद वहीत पेन्सिलने. पेन्सिल ओल्या कागदावरही टिकते.

नळ्या लगेच बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला टेकवून नाही, मधे जाळीचे स्टँड. डब्यात तापमान नोंदवणारे यंत्र. भिगवणहून पुण्यात पोहोचेपर्यंत तापमान २ ते ६ अंशांत राहिले. नमुना ४ अंशांवर चार दिवसांपर्यंत चालतो, त्यापुढे उणे ८०. घरगुती फ्रीजरचे उणे २० कामाचे नाही. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःला गरम करतो आणि नमुना गोठत-वितळत राहतो.

गमबूट काठावरच आधी ब्रशने आणि पाण्याने घासून, मग जंतुनाशकात. चिखल लागलेल्या बुटावर हायपोक्लोराइट ओतणे म्हणजे हायपोक्लोराइट वाया घालवणे. सेंद्रिय घाण त्यातला क्लोरीन आधीच खाऊन टाकते. विष्ठा हाताळताना एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, अंगावर एप्रन. संपर्कानंतर १० दिवस ताप-खोकल्यावर लक्ष. चमूतल्या सगळ्यांनी हंगामी फ्लूची लस आधीच घेतली आहे. ती पक्ष्यांच्या फ्लूपासून वाचवत नाही, पण एकाच माणसात दोन विषाणू एकत्र येऊन जनुकखंडांची अदलाबदल होण्याची शक्यता कमी करते.

१४ नोव्हेंबर

आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) काढणे. नमुना १४० मायक्रोलिटर, लायसिस बफर (विषाणू फोडणारा द्रव) ५६० मायक्रोलिटर, १० मिनिटे, मग इथेनॉल घालून कॉलममधून. शेवटी ६० मायक्रोलिटरमध्ये उतरवले. लायसिस बफरमध्येच एमएस२ फाजची (जिवाणूंना लागणाऱ्या, इथे निरुपद्रवी विषाणूची) ठरलेली मात्रा घातली, हे आतले नियंत्रण. फाजची खूण वेळेवर आली तर काढणे आणि पीसीआर दोन्ही नीट झाले. ती उशिरा आली किंवा आलीच नाही, तर नमुन्याच्या निगेटिव्हला अर्थ नाही.

टाकाऊ द्रवाबद्दल मोठ्या अक्षरात: लायसिस बफरमध्ये ग्वानिडिन असते. त्यात हायपोक्लोराइट पडला तर विषारी वायू निघतो. या द्रवाची बाटली वेगळी, लाल पट्टीची, आणि हायपोक्लोराइटच्या बादलीपासून लांब. प्रयोगशाळेतल्या सफाई कर्मचाऱ्यांना हे प्रत्यक्ष बाटली हातात देऊन सांगितले.

एम जनुकाची रिअल-टाइम आरटी-पीसीआर, ४५ चक्रे. एम जनुक सगळ्या इन्फ्लुएन्झा ए विषाणूंत बहुतांशी सारखे असते, त्यामुळे पहिली चाळणी त्याची. पॉझिटिव्ह आले तरच एच५, एच७, एच९ च्या वेगळ्या चाचण्या.

निकाल वाचायच्या आधी एमएस२ कडे पाहिले. एका भूशिराच्या बहुतेक नमुन्यांत त्याचा सीटी (खूण उमटायला लागलेली चक्रे) तीन-चारने मागे. त्याच प्लेटवरचे दुसऱ्या भूशिराचे नमुने ठीक. म्हणजे यंत्र किंवा रसायन नाही, नमुन्यातलेच काहीतरी अडवते आहे. आरएनए १० पट पातळ करून परत लावले. अडथळा नसता तर १० पट पातळ केल्यावर सीटी साधारण ३.३ ने वाढायला हवा. इथे तो उलट घटला. अडथळा पक्का. फोटो काढून पाहिले, तर त्या जागची विष्ठा बहुतांशी पांढरी: उपाशी किंवा नुसत्या विश्रांतीला टेकलेल्या पक्ष्यांची, आतड्यातला भाग कमी, युरिक ॲसिड जास्त.

उपाय म्हणून पीसीआरच्या मिश्रणात अल्ब्युमिन वाढवले आणि कॉलमवर एक जादा धुणे दिले. काही नमुन्यांत एमएस२ जागेवर आले. ज्यांत तरीही आले नाही ते ‘अवैध’ म्हणून वेगळ्या स्तंभात. त्यांना निगेटिव्हमध्ये मिसळायचे नाही.

२८ नोव्हेंबर

सिक्वेन्सिंगच्या (जनुकांचा क्रम वाचण्याच्या) सरावासाठी काही दुय्यम नळ्या कोरड्या बर्फात घालून बाहेर पाठवल्या होत्या. परत आलेल्या नळ्या वितळवताना काही पिवळ्या दिसल्या. कोरडा बर्फ म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. तो वायू होऊन सैल झाकणातून आत शिरतो आणि वितळताना माध्यमात विरघळून ते आम्ल करतो. आरएनए याने फारसे बिघडत नाही, पीसीआर नेहमीसारखी चालते. पण जिवंत विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवायला बसलो तर काही उगवत नाही आणि दोष अंड्यांवर जातो. पिवळ्या नळ्या तपासल्या तर झाकणाची कडी तिरकी बसलेली. घट्ट नळ्या लालच.

आता नियम असा. झाकण लावल्यावर नळी उलटी करून पाहायची, वरून पॅराफिल्म, मग सीलबंद पिशवी. कोरड्या बर्फातून आलेल्या नळ्या लगेच वितळवायच्या नाहीत. आधी एक-दोन दिवस उणे ८० मध्ये उघड्या रॅकवर, म्हणजे साचलेला वायू निघून जातो. भिगवण-पुणे अंतराला मात्र साधा ओला बर्फच पुरेसा आहे.

१० डिसेंबर

बाजार आणि परस. बाजारात पक्ष्यांच्या स्वॅबबरोबर पिसे काढायच्या यंत्राचे तळ, कापायचा ओंडका, पिंजऱ्यांखालचे ट्रे आणि गटाराचे तोंड इथलेही स्वॅब घेतले. दिवसभरात त्यावरून अनेक गावांचे पक्षी जातात, त्यामुळे एका स्वॅबमध्ये बरेच काही गोळा होते. व्यापाऱ्यांना आधी भेटून काय तपासतो आणि निकाल कोणाला कळवतो हे सांगितले होते. नाहीतर त्या दिवशी निम्मे पिंजरे बाजारात येतच नाहीत.

कोंबड्यांचे स्वॅब पाच-पाचच्या गटात एकत्र केले. एकाच प्रकारचे, एकाच मालकाचे. घशाचे आणि क्लोएकल कधीही एकत्र नाहीत. पाचांत एक पॉझिटिव्ह असेल तर विषाणू पाचपट पातळ होतो, सीटी साधारण २.३ ने पुढे सरकतो. भरपूर विषाणू टाकणाऱ्या कोंबडीला हा फरक जाणवत नाही. रानपक्ष्यांच्या क्षीण नमुन्यांना जाणवतो, म्हणून त्यांचे गट करायचे नाहीत.

बाजारातल्या काही गटांत एम पॉझिटिव्ह, सीटी विशीच्या उत्तरार्धात. एच५ निगेटिव्ह, एच७ निगेटिव्ह, एच९ पॉझिटिव्ह. नवल नाही, एच९एन२ भारतातल्या कोंबड्यांमध्ये वर्षानुवर्षे मुरलेला आहे. एकटा तो फार मारत नाही, अंडी घटवतो आणि श्वसनाचे इतर आजार वाढवतो. तो मोलाचा आहे तो वेगळ्या कारणाने: त्याचे आतले जनुकखंड दुसऱ्या उपप्रकारांना मिळाल्याची उदाहरणे आहेत.

एच५ किंवा एच७ पॉझिटिव्ह आले तर काय, हे भिंतीवर लावले. काम तिथेच थांबवायचे, अंड्यात काही टोचायचे नाही, नळ्या सीलबंद. पशुसंवर्धन विभागाला त्याच दिवशी कळवायचे आणि नमुना त्यांच्यामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे. पुष्टी तिथलीच ग्राह्य. पुष्टीनंतर १ किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र शासन जाहीर करते. आमच्या पीसीआरच्या आलेखावरून गावात एक शब्दही बोलायचा नाही. अफवेने एका दिवसात भाव कोसळतात आणि लोक आजारी पक्षी घाईने विकून टाकतात. मग विषाणूच गावोगाव जातो.

१८ डिसेंबर

अंडी. विषाणू वाढवायला एसपीएफच, म्हणजे ठरलेल्या रोगजंतूंपासून मुक्त कळपातलीच, लागतात. फार्मच्या कोंबड्यांत लशीची किंवा आधीच्या संसर्गाची प्रतिपिंडे असू शकतात, ती बलकात उतरतात आणि तोच विषाणू अंड्यात दबतो. ९ ते ११ दिवसांचे गर्भ. हे सगळे मान्यताप्राप्त बीएसएल-३ (उच्च जैवसुरक्षेच्या) कक्षात, आणि एच५-एच७ निगेटिव्ह आलेल्या नमुन्यांवरच.

नमुना माध्यमात एक-दोन तास खोलीच्या तापमानाला ठेवला, म्हणजे प्रतिजैविके काम करतात. मग १,००० जी ला १० मिनिटे फिरवून वरचे पाणी घेतले. अंडे दिव्यावर धरून हवेच्या कप्प्याची रेघ पेन्सिलने आखायची, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून रेघेच्या २-३ मिलिमीटर वर खूण करायची, अल्कोहोलने पुसून भोक पाडायचे. २५ गेजची सुई सरळ खाली, ०.२ मिलिलिटर, भोक मेणाने बंद. प्रत्येक नमुन्याला ५ अंडी, ३७ अंश. रोज दिव्यावर पाहणे.

पहिल्या २४ तासांत मेलेला गर्भ बहुधा सुईच्या जखमेने किंवा जिवाणूंनी मेलेला असतो आणि सवयीने टाकून दिला जातो. पण अतितीव्र विषाणूही गर्भ इतक्याच लवकर मारतो. आम्ही अशी अंडी टाकत नाही, द्रव काढून एम पीसीआर करतो.

२४ डिसेंबर

उरलेली अंडी रात्रभर ४ अंशांवर ठेवून सकाळी उघडली. थंडीने गर्भाच्या रक्तवाहिन्या आकसतात. न गारठवता उघडले तर रक्त द्रवात मिसळते, विषाणू त्या रक्तपेशींना चिकटतो आणि टायटर (विषाणूचे मोजलेले प्रमाण) खोटेच कमी दिसते.

हिमॅग्लुटिनेशन, म्हणजे विषाणू तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतो का ही चाचणी: व्ही-तळाची प्लेट, २५ मायक्रोलिटरच्या दुप्पट-दुप्पट पातळ्या, १ टक्का कोंबडीच्या तांबड्या पेशी. पेशी किमान तीन एसपीएफ कोंबड्यांच्या, एकत्र करून पीबीएसमध्ये तीनदा धुतलेल्या. एकाच कोंबडीच्या पेशी कधी कधी मंद वागतात. वाचताना प्लेट तिरकी धरायची. नियंत्रण खळग्यातली तांबडी टिकली ओघळून अश्रूच्या आकाराची होते. त्याच वेगाने ओघळली तर निगेटिव्ह, पसरलेली चादर तशीच राहिली तर पॉझिटिव्ह. घाई केली तर मधल्या खळग्यांचा निकाल बदलतो. कक्षातल्या २० अंशांना ४० मिनिटे पूर्ण होऊ द्यावीत.

बाजारातल्या एच९ नमुन्यांत चांगले टायटर. त्याशिवाय परसातल्या कोंबड्यांचा एक गट, ज्याची एम पीसीआर स्पष्ट निगेटिव्ह होती, त्यातही १:६४. पाहताक्षणी ‘पीसीआरने चुकवलेला नवा उपप्रकार’ असे वाटू शकते. तसे मानण्याआधी दोन गोष्टी. एक, जिवाणू वाढले तरी पेशी चिकटतात. ४५० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून गाळून परत केले, टायटर तेच. दोन, मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, विषाणूसुद्धा याच पेशी चिकटवतो.

एचआय, म्हणजे कोणत्या सिरमने (प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाने) हे चिकटणे थांबते हे पाहणारी चाचणी, लावली. टायटर ६४ असेल तर ४ युनिटसाठी ६४ भागिले ४, म्हणजे १:१६ पातळ करायचे. पातळ केलेले परत मोजून खरेच ४ युनिट आहे ना ते पाहायचे, कारण इथे दुपटीची चूक झाली तर पुढचा सगळा निकाल एक पायरी सरकतो. इन्फ्लुएन्झाच्या कुठल्याच सिरमने अडवले नाही, राणीखेतच्या सिरमने पूर्ण अडवले. राणीखेत विषाणूच्या एफ जनुकाचा छेदभाग (प्रथिन जिथे कापले जाते तो भाग) वाचला: जीआरक्यूजीआर-एल (ही अमिनो आम्लांची अक्षरे), राणीखेतच्या लासोटा लशीसारखा. परसात नुकतेच लशीचे थेंब दिले होते आणि लशीचा जिवंत विषाणू कोंबड्या काही दिवस बाहेर टाकतात. फॉर्मवर ‘लस दिली का, कधी’ हा रकाना आता सक्तीचा.

९ जानेवारी

मृत पक्ष्यांची कार्यपद्धती लिहून काढली. कावळे महत्त्वाचे, ते मेलेले पक्षी खातात आणि माणसांच्या जवळ मरतात, त्यामुळे लवकर दिसतात. मच्छीमार आणि गावकऱ्यांना सांगितले: हात लावू नका, जागा आणि फोटो कळवा, कुत्री लांब ठेवा. उचलणे पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फतच. दुहेरी पिशवी, बाहेरून पुसून तिसरी, बर्फात. गोठवायचे नाही, गोठून वितळलेल्या उतींच्या पेशी फुटतात आणि शवविच्छेदनात नीट पाहता येत नाहीत. शव आमच्या प्रयोगशाळेत उघडायचे नाही. पाठवताना संसर्गजन्य नमुन्यांचे तिहेरी वेष्टन.

४ फेब्रुवारी

पाणी बरेच उतरले. काठाला रुंद चिखलपट्टे, बदके आता खरोखर जमिनीवर टेकतात. पट्टकादंबांचा थवाही हरभऱ्याच्या शेतांतून परत येऊन इथेच विसावतो. नमुने भरपूर आणि ओले. पण उन्हाचा जोर वाढला आहे, सकाळी ८ नंतर घेतलेल्या विष्ठेचा पृष्ठभाग सुकलेला. पहाटेचाच अर्धा-पाऊण तास खरा.

११ फेब्रुवारी

विष्ठा कोणाची, हे थव्याच्या नोंदीवरून अंदाजाने कळते. खात्रीसाठी पक्ष्याच्या मायटोकॉन्ड्रियातील सीओआय जनुक (त्यावरून पक्ष्याची जात ओळखता येते) वाचतो. साधारण ७५० बेसचा पूर्ण तुकडा उन्हात पडलेल्या विष्ठेतून बऱ्याचदा येत नाही, म्हणून लहान तुकड्याचे प्रायमरही ठेवले. दुहेरी फायदा: पक्ष्याचा डीएनएच आला नाही तर स्वॅबवर पक्ष्याच्या पेशी नव्हत्या, तो नमुना मोजणीतून बाद. ‘बदकांच्या’ म्हणून घेतलेल्या काही नळ्या वारकऱ्यांच्या निघाल्या. नोंद दुरुस्त केली.

एका भुवई बदकाच्या नमुन्यात एम पॉझिटिव्ह, सीटी ३५ च्या आसपास. अशा क्षीण संकेताला सरळ पॉझिटिव्ह म्हणायचे नाही. त्याच आरएनएवर परत चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण दूषण आरएनए काढताना झाले असेल तर ते परत दिसणारच. मूळ नळीतून नव्याने आरएनए काढले, वेगळ्या दिवशी, वेगळ्या हाताने, प्लेटवर पॉझिटिव्ह नियंत्रणापासून लांब. पुन्हा तेवढाच सीटी, पाण्याची नियंत्रणे कोरी. एच५, एच७, एच९ निगेटिव्ह. अंड्यात दोन फेऱ्या दिल्या, काही वाढले नाही. सीटी ३५ ला हे अपेक्षितच: आरएनएचे तुकडे पीसीआरला पुरतात, अंड्याला अख्खा जिवंत विषाणू लागतो. नोंद ‘इन्फ्लुएन्झा ए, उपप्रकार अनिश्चित’. रिकाम्या जागी अंदाज भरायचा नाही.

२० फेब्रुवारी

बाजारातल्या एच९ विषाणूचे सिक्वेन्सिंग. विषाणूच्या आठही जनुकखंडांच्या टोकांना सारखे असणारे १२ आणि १३ बेसचे भाग धरून एकाच मिश्रणात आठही खंड वाढवले. जेलवर एम आणि एनएस हे खंड ठसठशीत, वरचे पीबी२, पीबी१, पीए पुसट. हे खंड दोन हजार दोनशे बेसच्या पुढचे, एनएस ८९० चा. आरएनए थोडे जरी तुटलेले असले तरी लांब खंड आधी गळतात, आणि लहान खंड रसायने ओढून घेतात. ताज्या द्रवातून, एकदाही न वितळवलेल्या नळीतून परत आरएनए काढले, विस्ताराचा वेळ वाढवला, वरचे तीनही खंड आले.

वाचन: एन२, म्हणजे विषाणू एच९एन२. हिमॅग्लुटिनिनच्या छेदभागात एकामागून एक क्षारधर्मी अमिनो आम्ले नाहीत, सौम्य प्रकारच. एच५ मध्ये हाच भाग पीक्यूआरईटीआर असा असला तर सौम्य, पीएलआरईकेआरआरकेआर असा लांबला तर अतितीव्र. त्या एका वळणावर विषाणू आतड्यापुरता राहतो की सगळ्या अंगात पसरतो हे ठरते, म्हणून एच५ च्या प्रत्येक अहवालात हा भाग आधी पाहतात. हिमॅग्लुटिनिनच्या २२६ व्या जागी ल्युसिन, माणसाच्या श्वासनलिकेतल्या ग्राहकांकडे झुकणारा हा बदल अनेक एच९एन२ विषाणूंत दिसतो. पीबी२ च्या ६२७ व्या जागी ग्लुटामिक ॲसिडच, म्हणजे सस्तन प्राण्यांशी जुळवून घेणारा लायसिनचा बदल नाही. आठही खंड सार्वजनिक कोशात द्यायला तयार केले. ठिकाणाची नोंद जिल्ह्यापर्यंतच, बाजाराचे नाव नाही.

१२ मार्च

रानपक्ष्यांच्या निगेटिव्हचा हिशेब. थव्यात ५ टक्के पक्ष्यांत विषाणू असेल, तर तो किमान एका नमुन्यात सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास ५९ नमुने लागतात. १ टक्का धरला तर २९९. हे चाचणी शंभर टक्के पकडते असे मानून. विष्ठा, ऊन, वाहतूक यांतून जाऊन ८० टक्केच पकडते असे धरले, तर आकडे ७४ आणि ३७३ होतात. आम्ही ८० धरतो.

या हिशेबात ज्या नळ्या येतात त्यांच्या तीन अटी: एमएस२ वेळेवर, पक्ष्याचा सीओआय आलेला, डब्याचे तापमान पूर्ण वेळ मर्यादेत. पिवळ्या नळ्या पीसीआरच्या हिशेबात धरल्या, अंड्यांच्या हिशेबात नाही. या चाळणीनंतर ५ टक्क्यांची पातळी जानेवारीनंतरच्या नमुन्यांनी आरामात गाठली. नोव्हेंबरच्या नमुन्यांनी नाही, कारण एका भूशिराचे बरेचसे नमुने अवैध ठरले. अहवालात दोन्ही काळ वेगळे दाखवले आहेत. एकत्र केले असते तर आकडा मोठा दिसला असता, पण नोव्हेंबर, म्हणजे पक्षी नुकतेच उतरतात तो काळ, आम्ही नीट पाहिलाच नाही ही गोष्ट त्यात झाकली गेली असती.

पुढच्या हंगामासाठी: भरलेल्या धरणात नोव्हेंबरचे नमुने मिळवायला पाण्यावर बांबूचे तरंगते ताटवे सोडून बदके त्यावर टेकतात का ते पाहायचे. वनविभागाकडे अर्ज जूनमध्ये. एसपीएफ अंड्यांची मागणी दोन महिने आधी नोंदवायची. उरलेल्या नळ्यांचे तीन-तीन भाग करून उणे ८० च्या वेगवेगळ्या दोन फ्रीजरमध्ये ठेवले, यादी फ्रीजरच्या दारावर.